आंगवणीचा झगा

तापवलेले खोबरेल, उकळत्या पाण्यातला निगडीचा पाला आणि तांबडा कार्बोलिक साबण. हे तीन वास एकमेकांत गुंफून आधी दारात येत आणि त्यांच्यामागून रुझारबाय येई. बुटकी, रुंद, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, आणि पाण्यात राहून राहून बोटांची टोके कायमची सुरकुतलेली. उंबऱ्यावर ती थबके, हनुवटी किंचित उचले आणि घर हुंगे. 'बरी आसस?' हे ती कोणालाच विचारत नसे, कारण त्याचे उत्तर खोटे येते हे तिला ठाऊक होते. घरात कोण अंथरुणावर आहे, किती दिवसांपासून आहे आणि त्याच्याजवळ जायचे कोण टाळते आहे, हे सारे ती त्या एका श्वासात वाचून घेई. आमच्या वाडीतल्या भाविक बायकांना तिची ही चाल असभ्य वाटे. ख्रिस्ती घरात शिरताना आधी भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. रुझारबायही क्रुसाकडे पाही. पण काम संपवून निघताना, हात पुसत.

मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेली आमची ख्रिस्ती वाडी. पुरुष बोटीवर नाहीतर मुंबईला. मागे उरत त्या बायका, सुकत घातलेली मासळी आणि प्रार्थना. भात वर्षातून एकदा पिके, प्रार्थनेचे पीक मात्र बारमाही. रुझारबायने तरुणपणी मुंबईच्या एका इस्पितळात अकरा वर्षे आयाचे काम केले होते. तिचा नवरा खलाशी होता. परमुलखाच्या वाटेवर तापाने गेला, आणि त्याला बोटीवरूनच पाण्यात सोडले. नवऱ्याचे अंग शेवटचे धुता आले नाही म्हणून ती जगाची अंगे धुते, असा एक हळवा खुलासा आमच्या बायकांनी करून ठेवला होता. कोणतेही चांगले काम दुःखाच्या टेकूवाचून उभे राहू शकते, हे त्यांना पटतच नसे. एकदा एकीने तो खुलासा तिच्या तोंडावरच बोलून दाखवला. रुझारबाय पिळे मोडत होती, ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "तेका दर्यान धुतल्यान. माझ्यापरास बरो."

बाळंतिणी, तान्ही पोरे, खाटेला खिळलेले म्हातारे आणि सरतेशेवटी मृत, या सगळ्यांना ती न्हाऊ घाली. तिला पार मसुऱ्याहून हिंदू घरांची बोलावणी येत. तिथे तिला मागच्या दाराने घेत, आणि ती गेल्यावर तिच्या वाटेवर गोमूत्र शिंपडत. ज्या हातांनी आत्ताच त्यांच्या आईचे मळलेले अंग स्वच्छ केले होते, त्या हातांचा विटाळ काढणारी ती कुळवंत माणसे. मला त्यांचा संताप येई. रुझारबायला त्यांची गंमत वाटे. "शिंपडूंदेत. तेवढां तरी घर धुवान निघता," म्हणे.

तिच्यावर वाडीचा खरा आरोप वेगळाच होता. संध्याकाळी घराघरांतून जपमाळेची प्रार्थना होई, तिला ती कधी हजर नसे. तिच्या घरी जपमाळ खुंटीला लटकलेली असे आणि मण्यांवर धूळ. हा आरोप करणाऱ्यांपैकी कोणीही तिला काम करताना जवळून पाहिले नव्हते, कारण त्यासाठी आजाऱ्याच्या खोलीत थांबावे लागले असते. मी पुढे पाहिले. तिचे ओठ सारखे हलत असत. एका हाताला एक 'नमान मोरये', एका पायाला दोन, पाठीला अख्खी 'आमच्या बापा', आणि केसांना दहा मण्यांचा पुरा फेर. प्रार्थना संपेपर्यंत तो अवयव सोडायचा नाही. मध्येच शब्द चुकला किंवा लक्ष उडाले, की तो हात, ती पाठ पुन्हा पहिल्यापासून. तिला घड्याळाची गरज नव्हती, मण्यांचीही नव्हती. मी एकदा भीतभीत विचारले होते, की हे ती त्या माणसाच्या आत्म्यासाठी करते का. ती माझ्याकडे फार कीव आल्यासारखी पाहू लागली. "आत्मो खंय आसा ता माका ठावक नाय गो. पाठ खंय आसा ता ठावक आसा."

माझी कीव करण्याजोगीच अवस्था होती. एकोणीसशे पन्नासचे दशक सरत आले होते आणि मी कोल्हापूरला कॉलेजात मराठी कविता शिकत होते. देह म्हणजे मातीचा पिंजरा आणि आत तडफडणारा शुभ्र पक्षी, असले काहीबाही मी वहीत लिहीत असे, आणि त्या पक्ष्याला जास्त जागा व्हावी म्हणून उपवासाच्या काळात एकवेळ जेवत असे. आरशात गालांची हाडे दिसू लागली की मला संतपद जवळ आल्यासारखे वाटे. रुझारबायने एकदा विहिरीवर माझे मनगट उचलून पाहिले, अंगठा आणि तर्जनीत ते सहज मावले. "हाडां दाखवन देवाक भियवतंस काय गो?" एवढे बोलून तिने कळशी उचलली. मी आठवडाभर रुसले होते. माझ्या त्यागाला कोणी विनोदी म्हणेल, ही शक्यता माझ्या एकाही कवितेत नव्हती.

त्याच वर्षी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराला थोडे दिवस राहिले असताना, आईला, आमच्या मांयला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी कॉलेज अर्धवट टाकून घरी आले. वडील मुंबईच्या गोदीत नोकरीला. घराची सत्ता त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, फिलोमिना आतूकडे होती. आतू भक्तीत कोणाला हार जात नसे. वाडीत कोणी पाच मेणबत्त्या लावल्या की तिच्या सात लागत.

आमच्याकडे आंगवण म्हणजे नवस. ती बोलली की राखेच्या बुधवारपासून पास्कांपर्यंत, म्हणजे प्रभू मेल्यातून उठला त्या ईस्टरपर्यंत, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेला जाड तपकिरी झगा अंगात घालायचा. धडधाकट माणसे तो आंघोळीला काढत, धूत, वाळवत, पुन्हा घालत. त्यात देवाचा अवमान होतो असे कोणाला वाटत नसे. पण इतरांना पुरणारा नवस आतूला कसा पुरावा? तिने मांयच्या वतीने आंगवण बोलून तिच्या निम्म्या मेलेल्या अंगावर झगा चढवला, आणि वर स्वतःची अट घातली. पास्कांच्या घंटा वाजेपर्यंत हा झगा अंगावरून उतरायचा नाही, गुडघ्याच्या वर सरकायचाही नाही. उघडे दिसेल तेवढे ओल्या फडक्याने पुसायचे आणि खाली जुनेर सारून मलमूत्र काढून घ्यायचे. झग्याच्या आत जे होते, ते तिने देवाच्या हवाली केले. मांयला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिला बोलता येत नव्हते, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या वतीने नवस बोलणे फार सोपे असते.

मग दर्शनाला माणसे येऊ लागली. खोलीत ऊद जळे, उशाशी मेणबत्त्या, पायथ्याशी गुडघे टेकलेल्या बायका. आतू दाराशी उभी राहून झग्याची हकिगत सांगे. मांयच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. ते भक्तीचे अश्रू, असे आतूने जाहीर केले होते आणि बायका ते बोटाने टिपून घेत. मी उशाशी बसून प्रभूच्या यातनांचा वृत्तांत मोठ्याने वाचत असे. तिसऱ्या आठवड्यात उदाच्या आडून एक गोडसर, जड वास येऊ लागला. तो सगळ्यांत आधी मलाच आला. वासांची मला उपजत जाण आहे, असे माझे मराठीचे प्राध्यापक म्हणत. मी त्या वासाला देठावरच काळवंडत जाणाऱ्या सोनचाफ्याची उपमा दिली, ती वहीत उतरवली, आणि तिच्यावर दोन दिवस खूष होते. पांघरूण उचलून तो वास कशाचा आहे, हे मी पाहिले नाही. आजवर मी ज्या ज्या माणसांचा तिरस्कार केला, त्या सगळ्यांत ती वहीवाली मुलगी पहिली आहे.

रुझारबायला आमच्याकडे कोणी बोलावले नव्हते. शेजारी एक बाळंतीण होती, तिला न्हाऊ घालून ती आमच्या अंगणातून परतत होती. मध्येच थांबली. हनुवटी वर गेली. मग चिखलाच्या पायांनी ती सरळ ओटीवर चढली आणि प्रार्थनेच्या मध्यावर दारात उभी राहून तिने विचारले, "हयसर कोण कुसता?"

प्रार्थना तुटली. हे आजाऱ्याचे घर आहे, आंगवण चालू आहे, तोंड सांभाळून बोल, असे आतू तिला बजावू लागली. रुझारबायने तिच्याकडे पाहिलेच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"तुझी आवस न्हाली कधी?"

मी मांयच्या झग्याकडे पाहिले.

आतूने मध्ये पडून झग्याची सगळी हकिगत सांगितली, आणि शेवटी कौतुकाने म्हणाली, की माझ्या भाचीने तर आपल्या आईच्या यातनांवर कविता केली आहे. "पाठ कुसता आवशीची आणि तू गाणी बांधतंस?" रुझारबाय मला म्हणाली. आवाज चढवला नव्हता. मग तिने चुलीवर पाणी ठेवायला सांगितले, निगडीचा पाला मागितला आणि कातर मागितली.

आतू खाटेच्या आडवी उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि आज मला वाटते, ते ढोंग नव्हते. तिला खरीच भीती वाटत होती. झग्याला कातर लागली तर मांय मरेल, आणि देवाने वाचवायला काढलेले माणूस आम्ही मारले असे होईल, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिने एका बाईला चर्चच्या पाद्रबाबांना बोलवायला धाडले. मी शिवणाच्या डब्यातली कातर आणली आणि रुझारबायपुढे धरली. ती तिने घेतली नाही.

"हात तुझो लागाक व्हयो. आवस तुझी."

"आणि मरतली तर?" मी विचारले. कोल्हापुरात कमावलेली माझी सगळी शुद्ध भाषा त्या क्षणी गळून पडली होती.

"मरतली तर न्हावन मरतली."

आतूने माझा दंड धरला आणि म्हणाली, "कातर लावलंस तर पाप तुझ्या डोक्यार." मी मांयकडे पाहिले. गेल्या तीन आठवड्यांत मी तिच्याकडे किती वेळा पाहिले असेन, पण नेहमी एखाद्या तसबिरीकडे पाहावे तसे. आता ती माझ्याकडे पाहत होती, आणि त्या डोळ्यांत भक्तीचे काही नव्हते. तिथे राग होता. इतके दिवस ती आम्हाला ओरडून सांगत होती आणि आम्ही तिचे ओरडणे बोटाने टिपत होतो. मी दंड सोडवून घेतला आणि गळ्यापासून खालपर्यंत झगा कापला.

पुढची बाजू सुटून आली, पाठीची आली नाही. कापड अंगाला चिकटले होते. मी ते ओढणार एवढ्यात रुझारबायने माझ्या हातावर चापट मारली. तिने मांयला कुशीवर घेतले, उकळून कोमट केलेले पाणी चमच्याचमच्याने कापडावर सोडत राहिली, आणि तिचे ओठ हलू लागले. किती वेळा 'आमच्या बापा' झाली मला आठवत नाही. शेवटी कापड आपणहून सुटले. खाली तळहाताएवढी जखम होती; कडा काळ्या, मध्ये ओले लाल मांस. सोनचाफा.

पाद्रबाब आले तेव्हा जखम तशीच उघडी होती. पाद्रबाब वाईट नव्हते, घाबरट होते. नाकाला रुमाल लावून ते उंबऱ्यावरच राहिले आणि म्हणाले, की नवस बदलून घेता येतो, तशी तरतूद आहे; तरी पण लोकांच्या मनाला बरे वाटावे म्हणून पास्कांपर्यंत थांबता आले असते तर बरे झाले असते. रुझारबाय जखम टिपत होती.

"पास्कांक धनी उठतलो, पाद्रबाब. ही उठाची नाय. आत येवा, ह्यां घंगाळ धरा."

आणि त्यांनी धरले. रुमाल खिशात घालावा लागला, कारण घंगाळ दोन हातांचे होते. त्यात मळीचे, रक्ताचे पाणी पडत होते आणि ते छताकडे पाहत होते. बाहेर ओटीवर आतू मोठमोठ्याने पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत होती, आमच्या वतीने.

त्यानंतर रुझारबाय रोज आली. औषध असे काही नव्हते; मिठाचे उकळलेले पाणी, कोरडे कापड, आणि दर दोन तासांनी कूस बदलणे. ते कूस बदलणे तिने माझ्यावर सोपवले होते आणि मी ते चुकवले की ती नुसत्या वासाने ओळखे. जपमाळ म्हणणाऱ्या बायकांपैकी एकीनेही एका दुपारी एक कूस बदलून दिली नाही. झगा कापलेल्या घरात पाय ठेवायला त्यांना भीती वाटत होती.

पास्कांआधीच्या पवित्र गुरुवारी पाद्रबाबांनी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले. प्रभूने शिष्यांचे धुतले त्याची ती आठवण. ते बारा जण आदल्या दिवशी विहिरीवर बसून काथ्याने टाचा घासताना मी पाहिले होते; एकाने तर नखेही काढून घेतली होती. वेदीसमोर लखलखीत पावलांची रांग बसली. पाद्रबाबांनी प्रत्येकावर चांदीच्या तांब्यातून थेंबभर पाणी सोडले आणि इस्त्रीच्या रुमालाने टिपले. बायकांना हुंदके आवरेनात. माझ्या शेजारी गुडघे टेकलेली रुझारबाय मान खाली घालून पुटपुटली, "धुतलेले पाय धुवक काय जाता?" मला वाटले ती हसते आहे. पण ती हसत नव्हती. देवाला मानणारे माणूस देवाच्या नावाने चाललेल्या फसवणुकीवर जसे चिडते, तशी ती चिडली होती. चर्चमधून परतताना ती वाटेत एकदाच बोलली. "देवाक नुसतो आत्मो पुरतो तर तो मानशाच्या कुडीत कित्याक इलो?" माझ्या कॉलेजात धर्मावर आणि काव्यावर पुष्कळ व्याख्याने झाली. इतका बिनतोड प्रश्न त्यांपैकी एकातही नव्हता.

मांय मेली नाही. सप्टेंबरातल्या मरियेच्या सणापर्यंत जखम भरली, डाव्या हाताने ती पेज खाऊ लागली, दोन-चार शब्द परत आले. आणि मग वाडीने जे केले, ते वाडीच करू जाणे. आंगवण फळली, असे ठरले. आतूने झग्याच्या कापलेल्या कडा जोडून घेतल्या आणि तो चर्चमधल्या बाजूच्या वेदीपाशी टांगला. बायका त्याचे टोक डोळ्यांना लावू लागल्या. पाद्रबाबांनी प्रवचनात श्रद्धेच्या सामर्थ्याचा उल्लेख केला, घंगाळाचा केला नाही. मी रागारागाने हे रुझारबायला सांगायला गेले. ती कोणाच्या तरी तान्ह्याच्या काखा तेलाने पुसत होती. "टांगूच्या आधी धुतल्यानी मा तो?" एवढेच तिने विचारले. धुतला आहे, असे मी म्हटल्यावर तिचे त्या झग्यातले लक्ष संपले.

तीन वर्षांनी मांय गेली. तिला शेवटचे न्हाऊ आम्ही दोघींनी घातले. पाठीवर व्रण होता, जखम नव्हती. आतू दारापर्यंत आली आणि परतली. मृताला शिवण्याआधी ती नेहमी काही ना काही आठवून परत जाई.

पुढे मी कसालच्या शाळेत शिकवू लागले आणि कविताही लिहीत राहिले, पण पक्षी आणि पिंजरे सुटले. साठच्या दशकाच्या मध्यावर निरोप आला, की रुझारबायच्या पोटात गाठ आहे, आता थोडेच दिवस. मी गेले तेव्हा तिच्या एकखणी घरात दुपारचे ऊन होते, ऊद होता, आणि पाच-सहा बायका तिच्याभोवती गुडघे टेकून होत्या. पुढाकार आतूचा. जिला आयुष्यभर प्रार्थनाचुकार ठरवले, तिचा आत्मा वाचवायला सगळ्या हातचे काम टाकून आल्या होत्या. तिची चादर किती दिवसांची आहे, ते मला दारातच कळले. रुझारबाय छताकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर जो कंटाळा होता, तसा मी कोणा मरणाऱ्याच्या तोंडावर पाहिलेला नाही.

मी बायकांना बाहेर जायला सांगितले. शिक्षिकेचा आवाज त्या कामी आला. मग तिच्याजवळ बसून मी सांगितले, की मी तुझ्यावर काही लिहिले आहे, वाचून दाखवू का. "मगे," ती म्हणाली. "पयलां पाणी तापय."

मी पाणी तापवले, निगडीचा पाला घातला, चादर ओढून टाकली. तिचे हात धुतले, पाय धुतले, कुशीवर घेऊन पाठ धुतली. मीही ओठ हलवत होते, आणि एका पायाला लक्ष उडाले म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून धुतला. तिने डोळे मिटले होते. पुन्हा उताणी केल्यावर मी थांबले. लुगड्याखाली ते पोट होते, एका बाजूला वर आलेले, ताणून चकचकीत झालेले, त्यावर निळ्या शिरा. तिला दुखेल, असे मी मनाशी म्हटले. थकली असेल, असेही म्हटले. खरे तर माझा हात तिथे जाईना. मी फडके पिळले, धुतलेली चादर तिच्यावर पसरू लागले, आणि आज एवढे पुरे, असे काहीतरी हळुवार बोलले.

तिने डोळे उघडले. त्या सुरकुतलेल्या बोटांनी माझे मनगट पकडले, फडक्यासकट माझा हात आपल्या पोटावर नेऊन ठेवला, आणि म्हणाली,

"सगळां."